राउटर बदलला, सर्व्हर दिसेना

प्रश्न : घरी दोन डिस्कचा स्टोरेज सर्व्हर आहे. मुलांच्या लहानपणापासूनचे फोटो आणि यजमानांची कामाची कागदपत्रं त्यावर आहेत. इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला. वायफाय छान चालतंय, पण सर्व्हर लॅपटॉपवर उघडत नाही. दिवे हिरवे आहेत. पूर्वी तो १९२.१६८.०.५० या पत्त्यावर उघडायचा. राउटर लावायला आलेला मुलगा म्हणाला, मागचं बटण दाबून रीसेट करा. करू का? पुण्याच्या मुलीलाही फोटो दिसेनासे झालेत.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, त्या बटणाला अजिबात हात लावू नका. फोटो डिस्कवर जसेच्या तसे आहेत, बिघाड फक्त पत्त्याचा आहे. ते बटण किती वेळ दाबलं तर काय काय पुसलं जातं, हे प्रत्येक कंपनीच्या सर्व्हरमध्ये वेगळं असतं. ज्यावर घराच्या आठवणी आहेत, त्यावर असा प्रयोग नको.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप करा. बहुधा लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू झालेला दिसेल. तुमचा सर्व्हर १९२.१६८.० मध्येच अडकलाय, कारण कुणीतरी त्याला तो पत्ता हाताने दिला होता. घरगुती नेटवर्कचा सबनेट मास्क सहसा २५५.२५५.२५५.० असतो. म्हणजे पहिले तीन आकडे सेक्टरचे, शेवटचा घराचा. तुमचा सगळा संसार नव्या सेक्टरात गेला, सर्व्हर तेवढा जुन्यातच राहिला.

आता सर्व्हरची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.०.२० द्या, मास्क वर लिहिलाय तोच, गेटवे रिकामा. ब्राउझरमध्ये जुना पत्ता टाका, लॉगिनचं पान उघडेल. नाही उघडलं, तर आयपीकॉन्फिग पुन्हा चालवा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुमचं सेटिंग सेव्हच झालेलं नाही. तो पत्ता लॅपटॉपने स्वतःच घेतलेला असतो.

सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ काढून ‘डीएचसीपी’ (म्हणजे पत्ता राउटरकडून आपोआप घेणं) निवडा. डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात जुन्या राउटरचा पत्ता असेल तर तोही काढा. नाहीतर सर्व्हर घरात दिसेल, पण त्याचे अपडेट आणि सूचनांचे ईमेल अडतील. सेव्ह केल्यावर पान अडकेल. घाबरू नका, पत्ता बदलला की तसं होणारच. केबल परत राउटरला लावा, लॅपटॉपचं सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सर्व्हर एकदा बंद करून चालू करा.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. सर्व्हरच्या स्टिकरवरचा मॅक नंबर (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) तिथे शोधा आणि त्या नंबरासाठी एक पत्ता राखून ठेवा; ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असा पर्याय असतो. माझा आग्रह याच पद्धतीचा आहे. पत्ते वाटायचं काम राउटरकडेच असू द्या. सर्व्हरमध्ये हाताने पत्ता लिहिला आणि राउटरने नेमका तोच एखाद्या मोबाइलला दिला, तर सर्व्हर मध्येच दिसतो, मध्येच गायब होतो, आणि असा दोष शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो.

लॅपटॉपवरचा जुना नेटवर्क ड्राइव्ह काढून नव्याने जोडा, शक्यतो सर्व्हरच्या नावाने. आणि लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, तेवढं बघा. गेस्टवरून घरातली बाकीची उपकरणं सहसा दिसत नाहीत.

राहता राहिली मुलगी. तिच्यासाठी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून थेट सर्व्हरपर्यंत यायची वाट) उघडून द्यायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे घरगुती सर्व्हर गाठून फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. तिला व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये येणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेने, जोडा. पण त्याआधी, सर्व्हर दिसू लागला की त्याच दिवशी, सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवा.