तूट किती यापेक्षा ती भरली कशी, ते आधी बघ

सरकारची तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, महागाई वाढवते का हे तपासताना दोन्ही आकडे शेजारी मांडून लगेच निष्कर्ष काढू नकोस. 2020-21 मध्ये केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या 9 टक्क्यांवर गेली, तरी किरकोळ महागाई सरासरी 6 टक्क्यांच्या आसपासच राहिली. मागणी थंडावली होती आणि सरकारने बरीचशी रक्कम नवा पैसा न छापता, बाजारात रोखे विकून म्हणजे कर्ज काढून उभी केली होती.

1997 पूर्वी आपल्याकडे वेगळी रीत होती. सरकारची रोकड ठरलेल्या पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँकेच्या नावे अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिलं निघायची, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं, आणि त्यांच्या बदल्यात थेट नवा पैसा. सी. रंगराजन गव्हर्नर असताना ही सोय बंद झाली. माझ्या मते तो आपल्या अर्थकारणातला फार मोठा निर्णय होता, त्याबद्दल नीट वाच.

मग दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाच्या 1984-85 मधल्या प्रचंड महागाईकडे वळ. तिथे उलटा धागाही दिसेल: कर आज ठरतो, तिजोरीत काही महिन्यांनी येतो. तोवर भाव कितीतरी पट वाढलेले, म्हणून वसुली कवडीमोल. महागाईच तूट वाढवत होती! ऑगस्ट 1985 च्या हुकुमाने सरकारी खर्च आवळला, पेट्रोलचे दर वाढवले, आणि काही आठवड्यांत भाव थांबले.

आणि भारताचा अभ्यास करताना पाऊस विसरू नकोस. 2012 पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार जवळपास 46 टक्के होता. कांदा-टोमॅटो कडाडले त्या महिन्याचं खापर तुटीवर फोडण्याआधी बाजार समितीतली आवक तपासून घे.