वाचकांचे प्रश्न : गिटारचे पिकअप बदलताना

प्रश्न : आमचे घर सोलापुरात यंत्रमागांच्या वस्तीत आहे. माझ्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारी, प्रत्येकी एका वेटोळ्याची साधने) आहेत आणि तिच्यातून सतत गुणगुण ऐकू येते. त्याऐवजी हमबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) बसवावेत काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरेदीपूर्वी एक परीक्षा करावी. ॲम्प्लिफायर चालू ठेवून गिटार हातात धरून सावकाश फिरवावी. दिशेनुसार गुणगुण कमीजास्त झाली, तर मोटारी व ट्रान्सफॉर्मर यांचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पिकअप टिपत आहे असे समजावे. मात्र तारांना हात लावताच खरखर थांबत असेल, तर दोष बहुधा आतील शील्डिंगचा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) असतो आणि तांब्याची पट्टी लावून तो स्वस्तात आटोक्यात येतो.

सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये विकसित केलेल्या हमबकरमध्ये दोन वेटोळी अशा रीतीने जोडलेली असतात की तारांचा संकेत एकत्र मिळतो आणि बाहेरून आलेली गुणगुण परस्परांत विरते. पण त्यामुळे सिंगल कॉइलची काचेसारखी लख्ख धार बोथट होते. ती धार आपल्याला प्रिय असेल, तर एकावर एक वेटोळी असलेले, त्याच आकाराचे स्टॅक्ड पिकअप घ्यावेत. लाकूड कोरावे लागत नाही. मोठे हमबकरच हवे असतील, तर २५० किलोओहमऐवजी ५०० किलोओहमचे पॉट (आवाज व टोन कमीजास्त करणाऱ्या बटणांखालील रोधक) बसवावेत, नाहीतर आवाज दबका वाटतो. केवळ वेटोळ्याच्या रोधाचा आकडा मोठा म्हणून पिकअप निवडू नये. विक्रेते त्यावर फार भर देतात, तो भाग निराळा.