शेपूट जवळजवळ कापलं गेलेलं बी-१७ (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बफेकी विमान) खरंच परत आलं होतं, की फोटोची करामत आहे?

फोटो शंभर टक्के खरा आहे. त्याखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर मात्र बराचसा रचलेला. मी हवाई दलात २२ वर्षं एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलं, म्हणून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

त्या विमानाचं नाव 'ऑल अमेरिकन'. १ फेब्रुवारी १९४३ला ट्युनिशियात बॉम्ब टाकून ते अल्जेरियातल्या बिस्क्रा तळाकडे परतत होतं. एक जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमान थेट अंगावर आलं आणि वळलंच नाही. त्याचा वैमानिक बहुधा आधीच गोळी लागून गेला असावा. ते शेपटीजवळ असं घासत गेलं की डावीकडचा आडवा स्टॅबिलायझर (शेपटीचा छोटा पंख) मुळासकट उडाला आणि फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, तिरकं चिरलं गेलं.

त्या काळी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) पोलादी तारांनी ओढले जायचे. आम्ही हँगरमध्ये तार तपासताना तिच्यावरून फडकं फिरवायचो. एखादा केसाएवढा धागा तुटलेला असेल तर फडकं तिथे अडकतं. तसं अडकलं की तारेचा निकाल लागेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही. आणि इथे बहुतेक तारा कापल्या गेल्या होत्या! उजवा एलेव्हेटर तेवढा शिल्लक होता.

मग शेपूट टिकलं कसं? बी-१७मध्ये बाहेरचा पत्रा, आतल्या कड्या आणि लांब पट्ट्या मिळून भार पेलतात. एक बाजू फाटली तरी भार उरलेल्या भागावर सरकतो. पण तो भागही एका झटक्याने सुटला असता. वैमानिक केंड्रिक ब्रॅग याने झटका म्हणून बसू दिला नाही, मला त्याचंच सगळ्यात कौतुक वाटतं. उतरताना शेपटीचं चाक चालेना, मागचा भाग धावपट्टीवर घासत गेला. दहाच्या दहा जण सुखरूप.

व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरातलं 'तशाच अवस्थेत इंग्लंडपर्यंत उडालं' हे साफ खोटं. इंग्लंड ट्युनिशियापासून दीड हजार किलोमीटरच्या पुढे. बिस्क्रा साधारण साडेचारशे. हे साडेचारशे काय कमी आहेत, की त्यात भर घालावी?

फोटो पुन्हा पाहाल तेव्हा चिरेच्या मागे बघा. टेल गनर, म्हणजे शेपटीतली बंदूक चालवणारा, सॅम सार्पोलसची जागा तिथे होती. धडक बसली तेव्हा बाकीचे नऊ जण चिरेच्या पुढे होते, आणि तो एकटा मागे.