गोड स्टाउट चांगली जमली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, मुंबईतील एका ब्रुअरीत प्यायलेली गोड स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची गोडसर काळी बिअर, फारच गोड लागली. तर त्यात साखर ओतली होती का, आणि अशी बिअर चांगली की वाईट हे कसे ठरवावे. साखरेचा प्रश्न आधी संपवतो. या बिअरमध्ये बहुधा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घातलेली असते. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, त्यामुळे आंबवण पुरी झाल्यावरही ती तशीच उरते. मात्र तिची गोडी नेहमीच्या साखरेच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकीच असते आणि तिचे मोठे काम बिअरला दाटपणा देण्याचे आहे. तेव्हा ग्लास सरबतासारखा लागला, तर भाजलेल्या जवाचा आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा कमी पडला, असे मी समजतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून तीन वर्षांपूर्वी माझे आणि माझ्या भावजींचे वाजले होते. लोअर परळमधील एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या ब्रुअरीत आम्ही घरचे सहा जण बसलो होतो. स्टाउट आली ती बर्फाने पांढऱ्या झालेल्या ग्लासात. भावजींनी एक घोट घेऊन 'अप्रतिम' असा निकाल दिला. मी मात्र ग्लास दोन्ही तळव्यांत धरून वीस मिनिटे नुसता बसून राहिलो, कारण इतक्या गार बिअरचा वास उठतच नाही. स्टाउटचे खरे रूप दहा-बारा अंशांच्या आसपास कळते. "अंडे उबवतो आहेस का?" असे ताईने विचारले आणि सगळे हसले.

ग्लास कोमट होत गेला, तसा कॉफी आणि चॉकलेटचा वास मागे पडून लोण्यात परतलेल्या पॉपकॉर्नचा वास वर आला. तो डायअसेटिलचा, म्हणजे आंबवताना तयार होणाऱ्या लोण्याच्या वासाच्या रसायनाचा, वास होता. आंबवण संपत आली की यीस्टच ते परत शोषून घेते; टाकी घाईने गार केली, तर ते मागे राहते. "ही बासुंदी आहे, स्टाउट नव्हे," असे मी म्हणालो, तेव्हा भावजी उसळले, "अरे, नावातच गोड आहे, मग गोड लागणारच! त्यात परीक्षा कसली?" शेवटी तिथला ब्रुअर आमच्या टेबलाशी आला, त्याने वास घेतला आणि टाकी दोन दिवस आधी गार केल्याचे कबूल केले. तो केवळ सौजन्याने बोलला, असे भावजी दर गणपतीत आमच्याकडे आले की सांगतात.

नावातल्या गोडीवर विसंबू नये, एवढे तरी त्यांनी मान्य करावे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील हाइथ येथे मॅकेसन यांची मिल्क स्टाउट (गोड स्टाउटचेच दुसरे नाव) 1907 साली निघाली, आणि 1946 साली सरकारने नावातला 'मिल्क' हा शब्दच काढायला लावला, कारण त्याने लोकांची दिशाभूल होत असे.

आपण स्वतः पारखताना पहिला घोट गिळल्यावर थांबावे. गोडी विरल्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला भाजलेला, किंचित कोरडा कडवटपणा उरला, तर बिअर जमली. ओठ चिकट झाले आणि दुसरा घोट घ्यावासाच वाटला नाही, तर ती फसली. काळा रंग आणि जाड फेस यांवर माझा अजिबात भर नाही. ते कोणालाही साधते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. या प्रकारात लोण्याचा पुसटसा वास परीक्षकही चालवून घेतात, आणि माझी जीभ मुळातच कडूकडे झुकलेली आहे. शिवाय दूध न पचणाऱ्यांनी ही बिअर जपूनच घ्यावी. त्या दिवशी भावजींनी दोन ग्लास संपवले आणि त्यांना काहीही झाले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.