विंडोज १० ते विंडोज ११ : बटण दाबण्याआधीची तयारी

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा एकच विषय वरचेवर डोकावतो आहे. त्यांपैकी सहा पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. कार्यालयांतल्या संगणकांविषयीचे प्रश्न वगळले आहेत. तिथे काही बिघडले तर निस्तरायला कोणीतरी नेमलेले असते, घरी आपणच असतो.

प्रश्न : विंडोज ११ टाकण्यापूर्वी बॅकअप घ्या, असे सगळे सांगतात. आमचे पंधरा वर्षांचे फोटो आणि कागदपत्रे मी सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवली आहेत. एवढे पुरे आहे ना?
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : हे पत्र मुद्दाम पहिले घेतले, कारण ही समजूत घरोघरी आहे. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी या दोन वेगळ्या वस्तू नसतात. एकाच डिस्कचे ते दोन कप्पे असतात. कपाट जळाले तर वरचा कप्पा जळतो आणि खालचाही. त्यामुळे आपण केले आहे ते वर्गीकरण झाले, बॅकअप नव्हे. एक टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, तीवर सर्व फोटो आणि कागदपत्रे उतरवावीत आणि काम झाल्यावर ती संगणकापासून काढून वेगळी ठेवावी. जे खरोखर पुन्हा मिळणार नाही, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. बहिणीच्या घरी ठेवलेला पेन ड्राइव्हसुद्धा चालेल. कॉपी झाली म्हणजे झाले असेही मानू नये. ती डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला जोडून दहा-वीस फोटो उघडून पाहावेत.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी कार्यप्रणाली नव्याने टाकून घेण्यासाठी संगणक दुरुस्तीला दिला, तेव्हा ‘माझे सगळे डी वर आहे, सी खुशाल पुसा’ असे मी ऐटीत सांगून आलो. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर असतो, हे मला माहीत नव्हते असे नाही; त्या क्षणी आठवले नाही, इतकेच. आईच्या पाककृतींच्या वहीची स्कॅन केलेली पाने तिथे होती. वही पुढे माळ्यावर सापडली म्हणून निभावले. तेव्हा डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधल्या वाचनखुणा (बुकमार्क) आणि साठवलेले पासवर्ड, तसेच आउटलुकमध्ये मेल उतरवून घेत असाल तर त्याची फाइल, एवढे आठवणीने पाहावे. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण चालू असेल तर तिथे विनामूल्य जागा फक्त ५ गीगाबाइट असते, आणि संगणकावर पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये.

विंडोज अपडेटमधून सरळ ११ वर गेल्यास आपल्या फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, आणि जुनी प्रणाली विंडोज ओल्ड या नावाच्या फोल्डरात १० दिवस ठेवलेली असते. त्या मुदतीत सेटिंग्जमधील रिकव्हरी या विभागातून मागे परतता येते. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात तो फोल्डर दुसऱ्याच दिवशी पुसू नये.

प्रश्न : माझा संगणक २०१६ साली घेतलेला आहे. पाठिंबा संपल्यामुळे तो बंद पडेल का? त्यावर विंडोज ११ चालेल का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : बंद पडणार नाही. पाठिंबा संपणे याचा अर्थ एवढाच की, प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळे लावणे कंपनी थांबवते. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि त्यातच धोका आहे, कारण त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करत राहतो.

विंडोज ११ साठी ४ गीगाबाइट रॅम आणि ६४ गीगाबाइट जागा ही किमान अट असली तरी ४ गीगाबाइटवर ते वापरणे म्हणजे रोज सहनशक्तीची परीक्षा देणे आहे, ८ असावी. खरी अडचण प्रोसेसरची असते. इंटेलच्या बाबतीत मान्य प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. आपल्या प्रोसेसरच्या नावात ‘आय ५’नंतरच्या आडव्या रेषेपुढे ६४०० किंवा ७४०० असा चार आकडी क्रमांक असेल, तर त्यातला पहिला आकडा पिढी सांगतो. २०१६ चा संगणक सहाव्या किंवा त्याआधीच्या, फार तर सातव्या पिढीचा असणार, म्हणजे तो यादीबाहेर आहे. खात्री करून घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे विनामूल्य साधन चालवून पाहावे.

अटींना बगल देऊन ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत आणि त्या पुष्कळदा चालतातही. पण अशा संगणकाला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी हा खटाटोप करायचा तीच अनिश्चित राहत असेल, तर मी तो सल्ला देणार नाही. त्याऐवजी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आहे का ते पाहून विस्तारित सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी करावी. घरगुती वापरकर्त्यांसाठी त्याची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. पुढे काय, हे ठरवायला तेवढा अवधी मिळतो. आपला वापर वाचन, पत्रलेखन आणि इंटरनेट एवढाच असेल, तर लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. आवडली नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, संगणकावर काहीही बदललेले नसते.

प्रश्न : २०२० मध्ये जुळवून घेतलेल्या माझ्या डेस्कटॉपमध्ये नवव्या पिढीचा प्रोसेसर आहे, तरीही टीपीएम आणि सिक्युअर बूट नाही असा संदेश येतो. दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगतो. बदलावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तूर्त एक पैसाही खर्च करू नये. टीपीएम ही कूटसंकेताच्या किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था आहे आणि आपल्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर ती आलेलीच असते. जुळवलेल्या संगणकांत ती बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, पुष्कळदा बंद ठेवलेली असते, एवढेच. इंटेलच्या बोर्डांवर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडते. ती सुरू करून संगणक चालू झाल्यावर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबावीत, टीपीएम डॉट एमएससी असे रोमन लिपीत लिहावे आणि आवृत्ती २.० दिसते का ते पाहावे.

सिक्युअर बूटचे, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणाऱ्या व्यवस्थेचे, प्रकरण थोडे नाजूक आहे. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत बायॉस मोडपुढे ‘लेगसी’ असे लिहिलेले असेल, तर आपल्या डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि ती जीपीटी पद्धतीची करून घ्यावी लागेल. विंडोज १० मध्येच त्यासाठी एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा दिलेली आहे. तिच्यात आधी केवळ तपासणी करणारा पर्याय चालवावा आणि तपासणी यशस्वी झाली तरच रूपांतर करावे. आपल्याकडच्या जुळवलेल्या संगणकांत सी, डी, ई असे कप्पे पाडताना पुष्कळदा विस्तारित पार्टिशन केलेले असते, आणि ते असेल तर ही आज्ञा नकार देते. मग त्या कप्प्यांतला मजकूर बाहेर हलवून ते काढून टाकावे लागतात. रूपांतर झाल्यावर बायॉसमध्ये लेगसी या जुन्या पद्धतीऐवजी यूईएफआय ही नवी पद्धत निवडल्याशिवाय संगणक सुरू होत नाही. तो क्षण घाबरवणारा असतो, पण डिस्क गेली असे त्याने होत नाही.

यातले काहीही करण्यापूर्वी रत्नागिरीच्या वाचक भगिनींना सांगितलेला बॅकअप आपणही घ्यावा. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन हे मजकूर कुलूपबंद करणारे संरक्षण चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि ते संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. बायॉसमधील बदलानंतर संगणक ही की मागू शकतो. ती नसेल तर स्वतःचाच मजकूर स्वतःला उघडता येत नाही. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावे, कारण तिथे हे संरक्षण मालकाला पत्ता नसताना चालू झालेले असू शकते.

प्रश्न : मी गेली वीस वर्षे श्रीलिपीत लेखन करतो. शेकडो लेख त्या फॉन्टमध्ये आहेत. विंडोज ११ वर ते दिसतील का?
— एक लेखक, कोल्हापूर

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतल्या मार्गदर्शनात मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो आणि लेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. सरळ अपडेटमध्ये बसवलेले फॉन्ट सहसा टिकतात, मात्र डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकल्यास ते जातात. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून आपले सर्व फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर आधीच उतरवावेत. मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक आणि असल्यास हार्डवेअर लॉक (प्रोग्रॅम चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी छोटी किल्ली) एका पाकिटात ठेवावा. त्या लॉकला स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असे गृहीत धरू नये. आपल्या आवृत्तीसाठी तो उपलब्ध आहे का, हे विक्रेत्याकडे आधी विचारावे. आपले सध्याचे विंडोज ३२ बिट असेल तर आणखी एक अडचण आहे : विंडोज ११ फक्त ६४ बिट स्वरूपात मिळते, त्यामुळे सरळ अपडेट होत नाही आणि फार जुने १६ बिट प्रोग्रॅम त्यावर चालतच नाहीत.

माझा आग्रह असा की, आज सगळे नीट दिसते आहे तोवर प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवावी. काम कंटाळवाणे आहे, परंतु पुढे काहीही झाले तरी लेख डोळ्यांनी वाचता येईल, याची तीच खात्रीची वाट आहे. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, मात्र त्यांचे फलित मुद्रितशोधन करावे तसे बारकाईने वाचावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर नोंदलेला असतो, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. त्यामुळे चुका नेमक्या तिथेच होतात. मूळ फाइल आणि पीडीएफ हाताशी असेल तर त्या दुरुस्त करता येतात.

नव्या लेखनासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आहेच, शिवाय २०१९ पासून उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांनी टंकण्याचा मराठी फोनेटिकही आहे. त्याच संगणकावर गूगल इनपुटचा जुना प्रोग्रॅम असेल, तर तो गूगलने आपल्या संकेतस्थळावरून काढून घेतला आहे हे लक्षात घेऊन आधीच फोनेटिकची सवय करावी. मंगल फॉन्ट दिसेनासा झाला तर घाबरू नये. सेटिंग्जमधील ऐच्छिक सुविधांत देवनागरीचे पूरक फॉन्ट असतात, ते उतरवले की तो परत येतो.

प्रश्न : आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच इंटरनेट चालते आणि पावसाळ्यात वीज जाते. अपडेट मध्येच थांबले तर?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : उतरवणे मध्येच थांबले तर काही बिघडत नाही, ते पुढे चालू होते, पण काही गीगाबाइटचा व्यवहार असल्याने फोनच्या योजनेत तेवढा डेटा आहे का हे पाहावे, किंवा मित्राच्या घरच्या ब्रॉडबँडवर ८ गीगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलेशन तयार करून आणावे. बसवण्याचे काम सुरू झाल्यावर मात्र वीज जाता कामा नये. घरगुती यूपीएस थोडी मिनिटेच तग धरतो, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्यावरच संगणक जोडावा, आणि नसेल तर पाऊस उघडल्यावर एखादी सकाळ निवडावी.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आईबाबा नाशिकला. त्यांचा संगणक मी इथून अपडेट करून देऊ शकते का?
— एक वाचक

उत्तर : विंडोजमधील क्विक असिस्टने त्यांचा पडदा आपल्याला दिसतो आणि चालवताही येतो. बॅकअप, जागा मोकळी करणे, अपडेट उतरवणे ही कामे तिथून होतील. संगणक पुन्हा सुरू झाला की जोडणी तुटते आणि बायॉसमध्ये तर आपण पोहोचूच शकत नाही. तो भाग फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये बाबांनी कॅमेरा पडद्यासमोर धरून करावा लागेल, आणि दोन्हीकडच्या घड्याळांचा मेळ पाहता त्यासाठी नाशिकची संध्याकाळ सोयीची पडेल. फक्त आईबाबांना एक गोष्ट आधी नीट समजावून सांगावी : क्विक असिस्टचा संकेतांक नेहमी मदत करणाराच देतो. तेव्हा ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतो आहोत, तुमचे विंडोज कालबाह्य झाले आहे’ असे म्हणत कोणी संकेतांक टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्यावा आणि आपल्याला कळवावे. मुलीने स्वतः फोन करून दिलेला संकेतांक तेवढा टाकायचा, हे वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून संगणकाशेजारच्या भिंतीला चिकटवायला सांगावे.