ऑटोमॅटिक हॅचबॅक घेताना आधी सोसायटीचा रॅम्प बघा

प्रश्न : कोथरूडहून रोज हिंजवडीला जातो. घरात दोन लहान मुलं, बजेट ऑन-रोड नऊ-साडेनऊ लाख. एएमटी झटके देते म्हणतात, आणि सीव्हीटीला (गिअरच्या पायऱ्या नसलेल्या, सलग वेग बदलणाऱ्या ऑटोमॅटिकला) पैसे पुरत नाहीत. एएमटी घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण ती काय चीज आहे हे समजून घ्या. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअल गाडीचेच असतात, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्या हातापायांऐवजी अ‍ॅक्चुएटर, म्हणजे विजेवर चालणारी यंत्रणा करते. म्हणून ती मॅन्युअलपेक्षा साधारण ४५ ते ६० हजारांनीच महाग असते आणि मायलेजही मार खात नाही. २०२४ च्या स्विफ्टचे कंपनीचे आकडेच पाहा : लिटरमागे मॅन्युअल २४.८० किलोमीटर, एएमटी २५.७५. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही कमी पडतील, पण दोघांतला फरक नगण्यच राहील.

झटका जाणवतो तो मुख्यतः पहिल्यातून दुसऱ्यात जाताना. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करायची सवय लावली की निम्मा त्रास संपतो. खरी अडचण रांगत्या ट्रॅफिकची. गाडी ताशी चार-पाच किलोमीटरने सरकत असते तेव्हा क्लच पूर्ण जुळलेला नसतो, सतत घासत असतो. पुढच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. सिग्नल मिनिटभराहून मोठा असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

हिंजवडीच्या गर्दीत रोज दीड-दोन तास रांगणं होत असेल, तर मात्र मी लाखभर वाढवून आय२० ची आयव्हीटी (म्हणजे सीव्हीटीच) किंवा अल्ट्रोझची डीसीए (दोन क्लचची ऑटोमॅटिक) पाहीन. डीसीएमध्ये क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे रांगताना कोरड्या क्लचइतके तापत नाहीत.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीचं पार्किंग बेसमेंटला, रॅम्प चांगलाच खडा आणि मध्ये वळण. एका टेस्ट ड्राइव्हला वळणावर थांबलो तर गाडी मागे घसरली. सेल्समन म्हणाला, हिल होल्ड आहे, काळजी नको.

उत्तर : हिल होल्ड साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतो आणि सोडतो. तेवढ्यात तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दिला नाही, तर गाडी मागे येणारच.

अशा रॅम्पवर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढा, हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की हँडब्रेक सोडा. ब्रेक न धरता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची, ही सवय क्लच खाते. करपट वास आला किंवा क्लच तापल्याची सूचना दिसली, तर गाडी सपाट जागी न्या, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. वास येत असताना ‘एवढं एकदा चढवून टाकू’ म्हणणाऱ्यांच्या क्लचप्लेट लवकर जातात.

पार्किंगही उलटं करा. गाडी खाली सपाट जागेत रिव्हर्स घेऊन लावा, म्हणजे रॅम्प पुढच्या गिअरमध्ये चढता येतो. रॅम्पवर रिव्हर्समध्ये चढणं हे एएमटीचं सगळ्यात दुबळं काम.

इंजिनही बघा. वॅगन आर १.० लिटर आणि १.२ लिटर अशा दोन्हींत एएमटीसह मिळते. १.० चा टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याचा जोर, ८९ न्यूटन-मीटर, १.२ चा ११३. चार माणसं बसवून रॅम्प चढताना हा फरक सरळ पायाखाली कळतो. तुमच्यासाठी १.२ च. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर नको. गाडी घरी बोलवा, चार मोठी माणसं बसवा, तुमच्याच रॅम्पच्या वळणावर मुद्दाम थांबा आणि पुन्हा उचला. डीलर कुरकुर करेल, पण ही चाचणी घेतल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नका.

प्रश्न : नाशिक. आईचे गुडघे दुखतात, बायको पहिल्यांदाच गाडी शिकणार. वॅगन आर की बलेनो? ऑटोमॅटिकला वेगळं लायसन्स लागतं का?

उत्तर : लायसन्स तेच, एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या वाहनाचं. आईंसाठी वॅगन आर. तिच्या सीटवर खाली वाकून बसावं लागत नाही, की उठताना जोर लावावा लागत नाही. डिकी ३४१ लिटर, बलेनोची ३१८. लांबीही बलेनोपेक्षा फूटभराहून कमी, त्यामुळे शिकणाऱ्याला गल्लीत सोपी. दुसरी बाजूही सांगतो. गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला एकच तारा मिळाला आणि गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. त्या गाडीत दोन एअरबॅग होत्या, आता सहा येतात, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. हायवेवर वरचेवर जाणं होत असेल तर हा मुद्दा आईंच्या गुडघ्यांहून मोठा आहे.

शिकताना पहिल्या दिवसापासून एकच नियम : दोन्ही पेडल उजव्या पायाने, डावा पाय नुसता टेकलेला. डाव्या पायाने क्लच समजून ब्रेक कचकन दाबला जातो. दुसरं म्हणजे एएमटीत ‘पी’, म्हणजे गाडी जागी अडकवणारा पार्किंगचा खटका नसतो. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढा, लिव्हर डी (पुढे) किंवा आरमध्ये (रिव्हर्स) ठेवा आणि मगच इंजिन बंद करा. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी फक्त हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.

प्रश्न : कोल्हापूरहून महिन्यातून एकदा आंबोलीमार्गे गोव्याला. ऑटोमॅटिकला घाट झेपतो का?

उत्तर : चढ झेपतो, उतारावर डोकं वापरावं लागतं. डीमध्ये पाय उचलला की एएमटी वरचा गिअर टाकते आणि इंजिनचा ब्रेक मिळेनासा होतो. मग सगळा भार ब्रेकवर. उतार सुरू होण्याआधीच लिव्हर ‘एम’वर (मॅन्युअल, गिअर तुम्ही ठरवायचा) घ्या आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्यात उतरा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ओव्हरटेक करतानाही आधी एममध्ये एक गिअर खाली घ्या. डीमध्ये पाय पूर्ण दाबला तर गाडी क्षणभर विचार करते, आणि समोरून एसटी येत असेल तर तो क्षण फार मोठा.

प्रश्न : पाच वर्षं जुनी, ४८ हजार किलोमीटर झालेली एएमटी मिळतेय. काय तपासू?

उत्तर : इंजिन गार असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

सपाट जागी डीमध्ये टाकून ब्रेक सोडा. गाडी न थरथरता सरकली पाहिजे. रिव्हर्समध्येही तेच करा, थरथर तिथे जास्त दिसते. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसला एममध्ये चौथा टाकून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावा. एएमटी युनिटमधले फॉल्ट आणि क्लचच्या झिजेचा अंदाज त्यात दिसतो. क्लचसेट बदलण्याचा लेखी खर्च तिथेच घ्या आणि भावातून वजा करा. क्लच नुकताच बदलल्याचं सांगत असतील, तर स्कॅनरने कॅलिब्रेशन (नव्या क्लचशी यंत्रणा जुळवून घेणं) झाल्याची नोंद बिलात आहे का पाहा. ते न करता नवीन क्लचही झटके देतो.

बॅटरी जुनी असेल तर घेतल्या घेतल्या बदला. व्होल्टेज पडलं की गिअर इंडिकेटर लुकलुकतो आणि लोक गिअरबॉक्सच गेला समजतात. शिवाय गिअरमध्ये उभी केलेली एएमटी बॅटरी पूर्ण उतरल्यावर ढकलताही येत नाही, कारण गिअर काढायलाही वीजच लागते.

प्रश्न : सीएनजीत ऑटोमॅटिक मिळेल का, की सरळ इलेक्ट्रिक घ्यावी?

उत्तर : टियागो सीएनजी एएमटीसह २०२४ पासून मिळते. दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी असल्याने बॅगा ठेवायला थोडी जागा उरते. पण रॅम्प खडा असेल तर सीएनजीवर चढताना ताकद कमी पडते, तेवढ्यापुरती पेट्रोलवर घ्या. सोसायटीत स्वतःच्या मीटरवरून १५ अँपिअरचा सॉकेट मिळत असेल तर टियागो ईव्ही पाहा. तिला क्लच नाही, गिअर बदलणं नाही, रांगत्या ट्रॅफिकमध्ये झिजण्यासारखं काही नाही. २४ किलोवॅट-तासांची बॅटरी त्या सॉकेटवर रात्रभरात, आठ-नऊ तासांत भरते. सॉकेटची परवानगी मात्र कमिटीकडून बुकिंगच्या आधी, लेखी घ्या.