डिलिव्हरीच्या पॅकेजसाठी पर्सनल लोन काढू का?

दादा, तुम्ही लिहिलंय की सिन्नरला एमआयडीसीत नोकरी आहे, हातात 24 हजार येतात, वहिनींना पाचवा महिना, पहिलंच बाळ. खासगी हॉस्पिटलने 90 हजाराचं पॅकेज सांगितलंय, एफडी 1 लाख 20 हजाराची आहे ती मोडायची नाही म्हणून लोन काढायचं म्हणताय, आणि सासूबाई सरकारी दवाखान्याचं नावच काढू देत नाहीत.

लोन नको. 14 टक्के व्याज धरलं तर दोन वर्षं महिन्याला 4,320 च्या आसपास हप्ता बसतो, 13-14 हजार नुसतं व्याजच जातं, आणि हा हप्ता सुरू होणार घरात बाळ आल्यावर. आत्ता नवी आरोग्य विम्याची पॉलिसी घेऊनही उपयोग नाही, मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक काळ बाळंतपणाचा खर्च मिळत नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का ते मात्र एचआरला आजच विचारा, त्यात बऱ्याचदा मॅटर्निटी असते.

आता मला खरी भीती वाटते ती वेगळीच. पॅकेजमध्ये बाळाचं एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, सहसा नसतं!! बाळ कमी वजनाचं झालं, काचेत ठेवावं लागलं, की रोजचं बिल वेगळं, आणि तेव्हा एफडी पॅकेजसाठी मोडून झालेली असेल तर सोनं गहाण पडतं. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011 पासून) नॉर्मल काय, सिझर काय, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, ने-आण सगळं फुकट, आणि आजारी बाळाचे उपचारही. जिल्हा रुग्णालयात बाळांचं एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग, पण असतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही हो. गर्दी असते, संडास बघून जीव नको होतो, ऐनवेळी रात्री सिव्हिलला पाठवतात. म्हणून सिन्नरच्या सरकारी दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा, रात्री सिझर होतं का, भूलतज्ज्ञ असतात की फोन करून बोलवावे लागतात, रक्ताची सोय काय. उत्तर गुळमुळीत आलं तर नाव नाशिक सिव्हिललाच घाला. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते तिथे वहिनींना न्या, कार्डावर लाल स्टिकर लागला म्हणजे हाय रिस्क, मग मोठ्या हॉस्पिटलशिवाय पर्याय नाही आणि त्यासाठी एफडी मोडावी लागली तर खुशाल मोडा, तिथे काटकसर करू नका.

लसी तर खासगीत घेऊच नका असं माझं मत. बीसीजी, पेंटा, रोटा, एमआर आणि न्यूमोनियाची पीसीव्ही सुद्धा सरकारी केंद्रात फुकट मिळते, बाहेर पीसीव्हीच्या एका डोसलाच हजारो जातात. बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा घेऊन घरी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका, ही घरी येऊन बाळ तपासायची पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने सिद्ध करून दाखवलेली आहे.

आणि मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5,000 मिळतात, 3,000 आणि 2,000 असे, डिलिव्हरी खासगीत झाली तरी. वर्षाला 8 लाखाच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला लागेल, तहसीलला तो काढायला टाका आणि वहिनींचं बँक खातं आधारला लिंक आहे का तेवढं बघून घ्या.